मिस्साचं गाणं कुणी गायचं?

मागच्या महिन्यात एका मातीला गेलो होतो. शाळेपासूनच्या मित्राचे वडील गेले. घर कॅथलिक. गावाचं नाव घेत नाही, आपल्याच घाटावरचं आहे एवढं समजा. त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेले, नंतर नोकरी, संसार, सगळं आपल्यासारखंच. पण रविवारी चर्चमध्ये पहिला सूर यांचा. मिस्सा, म्हणजे कॅथलिक लोकांची मुख्य उपासना, त्यांना लॅटिनमध्ये तोंडपाठ होती. शब्दाशब्दाचा अर्थ सांगता आला नसता, पण कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, कुठं आवाज खाली आणायचा हे पक्कं. संध्याकाळी ओट्यावर बसून कधी कधी एकटेच गायचे. आम्हा पोरांना वाटायचं, हे काय गाणं आहे, ना ठेका ना तान.

त्या माणसाच्या मातीला गायला कुणी नव्हतं.

फादरांनी प्रार्थना नीट केली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण शवपेटी उचलून दफनभूमीकडे निघायची वेळ आली तेव्हा एका पोरानं मोबाईल काढला, ब्लूटूथ स्पीकरला जोडला आणि यूट्यूबवर गाणं लावलं. गाणं सुरू व्हायच्या आधी जाहिरात लागली. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या कुठल्या तरी ॲपची. शवपेटी खांद्यावर, आणि स्पीकरमधून व्याजाचा दर! कुणी हसलं नाही. कुणी रागावलंही नाही, तेच मला जास्त लागलं. पोरानं घाईघाईनं जाहिरात पुढं ढकलली आणि आम्ही चालायला लागलो.

परत येताना मित्राला म्हटलं, "अरे, काकाजी असते तर स्वतः गायले असते." तो म्हणाला, "भाऊ, त्यायच्यासारखं आता कोनाले येते? शिकवलंच नाही नं कोनं."

आता तुम्ही म्हणाल, हे चर्चचं प्रकरण, तू भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस, तुला काय करायचंय? बरोबर आहे. पण आपल्या देवळांकडे एकदा बघा. विजेवर चालणारं आरतीचं मशीन बसवलंय. बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा सगळं आपोआप. आरतीला माणसं तीन आणि आवाज तीनशेंचा. म्हणून म्हणतो, दुखणं एकच आहे. फरक एवढाच की कॅथलिक चर्चनं या दुखण्यावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लेखी भांडण केलंय, नियम केलेत, चुका केल्यात, त्या दुरुस्त करून पाहिल्यात. त्यातलं थोडं आपल्याला माहीत असावं. पोस्ट लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

1903 सालची गोष्ट. इटलीत तेव्हा ऑपेराचं वेड. ऑपेरा म्हणजे आपल्याकडच्या संगीत नाटकासारखा प्रकार समजा. त्याच्या चाली, त्याच्या ताना, त्याचा थाट, सगळं चर्चमध्ये शिरलेलं. वेदीवर धर्मगुरू उपासना करतोय आणि वर माडीवर गायक आपली करामत दाखवतोय. लोक देवाकडं बघायचे सोडून माडीकडं कान लावून बसलेले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पोप दहावे पायस निवडून आले. गरीब घरातला, खेड्यातून वर आलेला माणूस, त्याआधी व्हेनिसचा मुख्य धर्माधिकारी. पदावर बसून चार महिने व्हायच्या आत, 22 नोव्हेंबरला, त्यांनी चर्चमधल्या संगीतावर एक सविस्तर पत्र काढलं. तारीख मुद्दाम निवडलेली, कारण तो संत सिसिलियाचा सण, आणि ही संत संगीतकारांची कैवारी मानली जाते.

त्या पत्रात काय होतं? चर्चमध्ये पियानो नको. ढोल, झांजा असली गोंगाटाची वाद्यं नकोत. बँडपथकाला चर्चच्या आत वाजवायला बंदी. नाटकी चाली बंद. मुळात मुद्दा असा की संगीत हे उपासनेचं अंग आहे, वरून लावलेली झालर नाही. म्हणून ते उपासनेच्या मापाचं पाहिजे, उपासना त्याच्या मापाची कापायची नाही. मला सगळ्यात आवडलेलं कलम म्हणजे, गाणं लांबवून धर्मगुरूला वेदीजवळ ताटकळत ठेवायचं नाही. हे वाचलं आणि आपले कित्येक कार्यक्रम डोळ्यांपुढं आले, जिथं महाराज हातात आरतीचं ताट घेऊन उभे आणि माईकवाल्याचं "हॅलो हॅलो चेक" संपत नाही.

त्याच पत्रात एक वाईट गोष्टही होती, ती लपवत नाही. बायकांना चर्चच्या गायनवृंदात घ्यायचं नाही असा नियम होता. उंच पट्टीचे आवाज पाहिजेत तर लहान मुलगे घ्या म्हणे. आज कुठल्याही चर्चमध्ये जा, सिस्टर आणि पोरीबाळी नसतील तर गायन उभंच राहणार नाही. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं काही मी सांगत नाही.

पत्रात आदर्श म्हणून ज्या गायनाचं नाव घेतलं ते ग्रेगोरियन गायन. काकाजी ओट्यावर गायचे ते हेच. नाव पोप पहिले ग्रेगरी यांच्यावरून पडलं. ते 604 साली वारले, आणि आज जे गायन आपण ऐकतो ते प्रत्यक्षात त्यांच्यानंतर दीड-दोनशे वर्षांनी घडत गेलं असं जाणकार मानतात. आपल्याकडं नाही का, एखादी रचना पुढच्या कुणाची असते आणि नाव मोठ्या संताचं लागतं, तसंच.

पेटी वाजवणारा म्हणून मी हे गायन मन लावून ऐकलं. सगळे एकाच सुरात गातात, वेगवेगळे सूर एकावर एक रचत नाहीत. ताल मोजायचा नसतो. शब्द जसा चालेल तशी चाल चालते, वाक्य संपलं की सूर टेकतो. आठ प्रकारच्या स्वरचौकटी आहेत, आपल्या रागांशी त्यांची थेट बरोबरी करता येत नाही, पण कान असलेल्या माणसाला नातं जाणवतं. आणि महत्त्वाचं म्हणजे हे गायला पट्टीचा गळा लागत नाही. शेजाऱ्याचा आवाज ऐकत त्यात आपला मिसळायचा. ज्याचा आवाज वेगळा उठून दिसला तो चुकला. आपल्या वारीत "ज्ञानोबा माउली तुकाराम" चालू असतं तेव्हा कुणाचा गळा कसा आहे हे कोण बघतं? शेगावची पालखी परतीला लोणार, मेहकरवरून खामगावकडं जाते तेव्हा ज्यांनी तिच्यासोबत चार पावलं टाकलीत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

हे गायन लिहून ठेवायची सोयही मठातच लागली. अकराव्या शतकात ग्विदो नावाचा इटालियन संन्यासी होता. पोरांना गाणी पाठ करायला वर्षानुवर्षं लागतात म्हणून तो वैतागलेला. त्यानं रेषांवर स्वर लिहायची पद्धत पक्की केली, आणि एका जुन्या स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं उचलून स्वरांना नावं दिली. उत, रे, मी, फा, सोल, ला. पुढं उतचा डो झाला, सी जोडला गेला. म्हणजे जगभर जे डो-रे-मी शिकवतात ते चर्चमधल्या पोरांना गाणं लवकर यावं म्हणून काढलेलं. शिकवणं हा त्यातला गाभा आहे. माझ्या मित्राचं वाक्य परत वाचा, "शिकवलंच नाही नं कोनं."

मग हे गेलं कुठं? बरेच जुन्या वळणाचे कॅथलिक सरळ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेकडं बोट दाखवतात. 1962 ते 1965 ही परिषद चालली. तिच्यानंतर लॅटिन जाऊन मिस्सा लोकांच्या भाषेत आली, आणि लॅटिनबरोबर गायन गेलं असं त्यांचं म्हणणं. पण परिषदेचा कागद वेगळं सांगतो. उपासनेवरचा तिचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 चा. त्यात संगीताला आख्खं एक प्रकरण दिलंय. ग्रेगोरियन गायनाला पहिलं स्थान द्या असं त्यात लिहिलंय. लोकांना त्यांच्या वाट्याचे मिस्साचे भाग लॅटिनमध्येही म्हणता आणि गाता यावेत असं लिहिलंय. आणि त्याच प्रकरणात असंही लिहिलंय की ज्या देशांची स्वतःची संगीत परंपरा आहे तिथं तिला मान द्या, तिला उपासनेत जागा करून द्या. सगळ्यात जास्त भर कशावर, तर लोकांनी भाग घेण्यावर. म्हणजे मुक्यानं बघायचं नाही, गायचं.

कागद असा, आणि घडलं तिसरंच. लॅटिन गायन सोडून दिलं. त्याच्या जागी तेवढ्या तयारीचं मराठी गायन सगळीकडं उभं राहिलं नाही. राहिली ती मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेत काय शिरतं हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको, पहिलं गाजरगवत उगवतं. आधी रेडीमेड ठेक्याचा कीबोर्ड आला, मग कॅसेट, मग ट्रॅक, आता यूट्यूब.

मोठ्या जगात हे भांडण अजून संपलेलं नाही. 2007 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुनी लॅटिन मिस्सा करायला मोकळीक दिली, 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळली. अमेरिका, फ्रान्समध्ये यावरून गट पडलेत. आपल्याकडं त्या गटबाजीची गरज नाही. आपला बुलढाणा जिल्हा ज्या अमरावती धर्मप्रांतात येतो तो 1955 साली झाला. म्हणजे काकाजींच्या पिढीला आपल्या धर्मप्रांतात लॅटिन मिस्सा जेमतेम दहा वर्षं मिळाली. त्या दहा वर्षांत एका पोराच्या गळ्यात जे बसलं ते साठ वर्षं टिकलं. पुढच्या साठ वर्षांत मराठीत तसं काय बसलं, हा प्रश्न मी विचारतोय.

मराठीत ते जमत नाही असं कुणी म्हणू नये. मराठीत ते चारशे वर्षांपूर्वी जमलंय! फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आला. आपली भाषा शिकला, आणि नुसता शिकला नाही, तिच्या प्रेमात पडला. त्याचं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वरी, नामदेव, एकनाथ ज्या मातीतले त्याच मातीतली ओवी, आणि विषय येशूचा. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांनी विचारलं होतं की आमची जुनी पुराणं सुटली, आता आम्ही काय वाचायचं, काय गायचं? त्यातून हे पुराण आलं. चर्चमध्ये ते गायलं जायचं, लोकांना ओव्या पाठ असायच्या. पुढं त्याच गोव्यात सत्तेनं उलटं पाऊल टाकलं. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं, 1736 मध्ये इन्क्विझिशननं ख्रिस्ती घरांतल्या लग्नाच्या ओव्यांवरसुद्धा बंदी घातली. लोकांच्या तोंडातलं गाणं काढून घ्यायला तेव्हा फर्मान लागलं. आज फर्मान कुणी काढलेलं नाही, आपण आपणहून तोंड मिटलंय.

गोव्यातलीच आणखी एक गोष्ट सांगतो, ही सिनेमावाल्यांसाठी. तिथं चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. शिकवणाऱ्याला मेस्त्री म्हणत. त्या पोरांपैकी किती तरी मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी'तलं ते गाणं आठवतंय ना, ज्यात अंड्यातून अमिताभ निघतो? ते नाव शिष्यानं गुरूला केलेला नमस्कार आहे. ज्या व्हायोलिनच्या सुरावटींवर आपण लहानाचे मोठे झालो त्यांची एक मुळी गावच्या चर्चमधल्या फुकट शिकवणीत आहे.

आणि आपल्या वऱ्हाडात? इकडं ख्रिस्ती म्हटलं की आधी अलायन्स मिशन आठवतं, ते प्रोटेस्टंट. त्यांच्याकडं मराठी गायनाचा पाया भक्कम, कारण ना. वा. टिळक. 1893 साली राजनांदगावकडं जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसानं त्यांना बायबल दिलं, 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मग अभंग-भजनाच्या वळणाची उपासनागीतं लिहिली. साहेबाच्या चालीवर मराठी शब्द कोंबण्यापेक्षा पेटी-तबला-टाळावर गायला येईल असं लिहिलं. शंभर वर्षांहून जास्त काळ ती गीतं गायली जाताहेत. कॅथलिक मंडळींनी ती उचलायला काय हरकत आहे, आणि वसईकडं मराठीत जे चांगलं झालंय तेही इकडं का येऊ नये?

पेटीवरून आठवलं. काही शुद्धिवादी म्हणतात चर्चमध्ये फक्त ऑर्गन पाहिजे, पेटी-तबला हे आपलं नव्हे. अरे बाबांनो, ही पेटी 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये जन्मली, मिशनऱ्यांच्या सामानातूनही ती इकडं आली, आणि आपल्या भजनात अशी मिसळली की आता कुणाला तिचं माहेर आठवत नाही. वाद्य कुठलं हा प्रश्नच दुय्यम आहे. माणूस वाजवतोय का, आणि बाकीचे गाताहेत का, एवढं बघा.

या विषयावर बोललं की दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, "पोरं येत नाहीत, आवाज दणदणीत पाहिजे, नाहीतर बोअर होते." मला हे पटत नाही. ट्रॅक लावल्यावर तरी पोरं कुठं येताहेत? येतात ती नाताळला, सेल्फी काढून जातात. पोराला काम द्या, एक ओळ त्याची एकट्याची द्या, तो येतो. आमच्या मंडळात टाळ धरायला दिलेला सातवीतला पोरगा आज पखवाज वाजवतो. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, फक्त हातात टाळ दिला होता.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे आणि त्याला माझ्याकडं पूर्ण तोड नाही. "माणसंच नाहीत." आपल्या भागात कॅथलिक घरं मोजकी. पोरं पुण्याला, संभाजीनगरला. बरेच फादर-सिस्टर दक्षिणेकडून आलेले, मराठी इथं येऊन शिकतात, त्यांच्यावर किती लादायचं? रविवारी पंधरा-वीस माणसं, त्यात निम्मी म्हातारी. गायनवृंद कुठून आणणार? मान्य. पण म्हणूनच तर एका सुरातलं, बिनवाद्याचं गायन अशा ठिकाणी कामाचं आहे. त्याला वृंद लागत नाही, साऊंड सिस्टीम लागत नाही, लाइट गेली तरी चालतं. पंधरा माणसं पुरतात. मिस्साचे ठरलेले पाच भाग आहेत, प्रत्येक भागाला मराठीत एक सोपी चाल, एक वर्षभर तीच. कंटाळा येईल? रोजच्या आरतीचा कंटाळा येतो का? आणि त्यासोबत एखादं लॅटिन गीत ठेवा, निदान मातीच्या वेळचं. शवपेटी चर्चमधून दफनभूमीकडं नेताना गायचं एक जुनं गीत आहे, इन पाराडिझुम. देवदूत तुला स्वर्गाकडं घेऊन जावोत अशा अर्थाचं. दोन मिनिटांचं. काकाजींनी आयुष्यात किती तरी लोकांसाठी ते गायलं असेल.

हे माझं मत. चर्चचे नियम काय, परवानगी कुणाची लागते, ते त्यांनी बघावं. मी बाहेरचा आहे, आणि माझ्या स्वतःच्या देवळातलं मशीन मला अजून बंद करता आलेलं नाही. दोनदा विषय काढला, विश्वस्तांनी मशीनला लागलेल्या वर्गणीची आठवण करून दिली.

पण एक झालं. दहाव्यानंतर, म्हणजे त्यांच्यात दहावा नसतो, पण साधारण तेवढ्या दिवसांनी, मित्रानं घरी बोलावलं. काकाजींच्या पेटाऱ्यात एक दोनशे पानी वही निघाली. सगळं लॅटिन गायन देवनागरीत लिहिलेलं. कीरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आग्नुस देई. शब्दांवर छोट्या रेघा, वर जाणाऱ्या, खाली येणाऱ्या, कुठं थांबायचं तिथं टिंब. ही खूण त्यांनी स्वतःच काढलेली असणार. आम्ही दोघं पेटी घेऊन बसलो. मित्राच्या आईला, काकूंना, बऱ्याच चाली अर्ध्या-अर्ध्या आठवतात. त्या गुणगुणतात, मी सूर शोधतो, मित्राची मुलगी मोबाईलवर रेकॉर्ड करते. आतापर्यंत तीन भाग बसलेत. क्रेदो लांब आहे, त्यात काकू दरवेळी एकाच जागी अडकतात.

चिखली, बुलढाणा, देऊळगाव राजा, मेहकर या बाजूला कुणाच्या घरी अशी वही असेल, किंवा त्या काळात बोर्डिंगात शिकलेले कुणी आजोबा-आजी असतील, तर कमेंटमध्ये नंबर टाकू नका, इनबॉक्सला सांगा. आम्ही पेटी घेऊन येतो.